तिसरा रकाना

कथलाचं एक बरं असतं, ते खोटं बोलत नाही. सांध्यावर डाख पक्का बसला की चकाकतो, कच्चा राहिला की मळकट दिसतो. मग तुम्ही कितीही सारवासारव करा. मोजणीदाराच्या सुनेला हे तिच्या बापानं शिकवलं होतं. बाप पत्र्याचे डबे, नरसाळी, पन्हाळी करायचा आणि पोरीच्या हाती तापली सळई द्यायला कधी कचरला नाही. सासरी आल्यावर ते कसब दहा वर्षं तसंच पडून राहिलं. मग इंजिनीअरबाई आल्या, तलावाच्या चौकीच्या ओसरीत त्यांनी टेबल मांडलं आणि इथं कुणाला डाख देता येतो का म्हणून विचारलं. वस्तीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. सून पदर खोचून पुढे झाली.

ह्या बाई म्हणजे एक वेगळाच नग. शहरातून आल्या त्या एक पेटी घेऊन. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यावर हातभर प्लास्टिकची नळी, नळीला तांब्याच्या चार पट्ट्या पिळून बसवलेल्या, बाजूला वहीएवढं सोलरचं पान. तलावाचं पाणी, बांधाचा पाझर, काय मोजायचं ते पेटी मोजणार आणि दिवसातून आठ वेळा डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला सांगणार. उपग्रह ते लांबच्या कचेरीतल्या पडद्यावर उतरवणार. तार नको, टॉवर नको, मोबाइलची रेंज नको. असली यंत्रं बाहेर तयार मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून कचेरीचे डोळे पांढरे व्हायचे. बाईंचा हट्ट एकच होता. पेटी जुन्या सायकलीच्या भावात बसली पाहिजे, म्हणजे गरिबातल्या गरीब तलावाला ती परवडेल. त्यापायी त्या स्क्रूसुद्धा मोजून वापरायच्या. एकेक भाग हातात धरून म्हणायच्या, "हा काढला तर काही बिघडतं का?" सून मनात म्हणायची, ह्या बाईचा संसार फार नेटका असणार, नाहीतर नसणारच.

बारा पेट्या दोघींनी मिळून केल्या होत्या. एक इथल्या बांधाच्या पायथ्याशी महिनाभर उभी होती. बाकीच्या अकरा गेल्या आठवड्यात टेंपोत घालून अकरा तलावांकडे रवाना झाल्या. आता पुढच्या चाळीस करायच्या होत्या आणि त्यातली पहिली सुनेच्या पुढ्यात होती.

पाऊस जाऊन महिना उलटला होता, पण जाताना असा कोसळून गेला की तलाव काठोकाठ भरून राहिला. आभाळ कोरं. ऊन स्वच्छ. वारा नाही. मातीचा तो लांबलचक बांध आणि त्याच्या पायथ्याशी चाळीस घरं. बांध उशाला घेऊनच ही वस्ती झोपायची. इतकं पाणी डोक्यावर असून कुणाला त्याची भीती नव्हती. बायका बांधावर कपडे वाळत घालायच्या.

"ह्या पेटीला इथं एक भोक कशाला ठेवलंय बाई?" सुनेनं विचारलं.

"ते जुन्या नकाशातलं. तिथं डोळा बसणार होता. काचेचा. पाझराचं पाणी गढूळ झालं की त्याला कळलं असतं."

"मग?"

"काढला. पेटीच्या एकतृतीयांश पैसे त्या एकट्या डोळ्याचे. शिवाय त्याच्यावर शेवाळ धरतं, आठवड्याला पुसायला माणूस हवा." बाई हसल्या. त्या फारशा हसत नसत. "तुमच्या सासऱ्यांचे उपकार आहेत ताई. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या वह्या मी पोत्यात घालून नेल्या. पंधरा दिवस वाचत होते. साडेनऊ हजार दिवस, आणि तिसऱ्या रकान्यात रोज एकच शब्द. नितळ. एकदासुद्धा चुकलं नाही. अशी नोंद मी कुठं पाहिली नाही. मग म्हटलं, जे पाणी सव्वीस वर्षांत गढूळ झालं नाही त्याच्यासाठी डोळा कशाला?"

सुनेच्या हातातली सळई पट्टीवर टेकलेली तशीच राहिली. प्लास्टिकची नळी वितळून वास सुटला, तेव्हा बाईंनीच तिचा हात बाजूला केला.

"लक्ष कुठं आहे तुमचं?"

"इथंच आहे," ती म्हणाली. तो डाख मळकट बसला होता. तिनं तो उकलून पुन्हा दिला, तरी मळकटच बसला.

सासरा तलावाचा मोजणीदार. रोज सकाळी बांधाच्या पायथ्याशी जायचं, पाझराच्या पाटात बसवलेल्या खाचेच्या पाटीवरून किती बोटं पाणी वाहतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. पण ते त्यानं मानानं केलं होतं. वहीत तीन रकाने. पहिला तलावाची पातळी, दुसरा पाझराची बोटं, तिसरा पाण्याचा रंग. वस्तीत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. नितळ म्हणत. "काय नितळ, आज काय म्हणतो तुमचा पाट?" असं कुणी विचारलं की तो छत्री वर करून पुढे जायचा. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. सतरा तारखेला कचेरीतले साहेब येणार होते, पेटीचं उद्घाटन त्याच्याच हातून व्हायचं होतं आणि शाल-नारळ मिळायचा होता. सासूनं त्याच्यासाठी पांढरा सदरा धुऊन दोनदा नीळ घातली होती. सदरा निळा दिसत होता, पण तिला सांगणार कोण?

सुनेचा नवरा वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवायचा. आठवड्याचा पाहुणा. त्यामुळे घरात तिघंच.

जेवणं झाल्यावर तिनं फळीवरची चालू वही काढली आणि दिव्याखाली उघडली. आज चौदा तारीख. पहिल्या दोन रकान्यांत चौदापर्यंतचे आकडे होते. तिसऱ्या रकान्यात एकपासून तीसपर्यंत ओळीनं नितळ, नितळ, नितळ. पट्टी लावून, एकाखाली एक. अक्षर तिचं स्वतःचं होतं.

असंच चालायचं ह्या घरात. महिन्याच्या पहिल्या तारखेला तिसरा रकाना एकदम भरून टाकायचा, म्हणजे रोजची कटकट नको. आधी सासरा भरायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून ती भरत होती, चुलीवरचं उकळेस्तोवर, उंबऱ्यावर बसून. पाटावरही तीच त्याचा कोपर धरून न्यायची. बोटं ती मोजायची, आकडा ऐकून तो मान हलवायचा. पाण्याचा रंग दोघांनीही कधी पाहिला नव्हता. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सासरी चूल उजवीकडे असते, पाणी डावीकडे, आणि तिसरा रकाना आधी भरतात. असंच तिला वाटायचं.

"मामंजी, हे आधी का भरतात?"

सासरा पाय चेपत बसला होता. "कशाला विचारतेस?"

"बाईंनी त्याच्या जोरावर पेटीचा डोळा काढला."

तो पाय चेपतच राहिला. मग सासूच म्हणाली, "सांगा की. घरातल्याला सांगायला कसली लाज? आपलेच दात नि आपलेच ओठ."

मग त्यानं सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा पाणी गढूळ दिसलं. वहीत चढवायच्या आधी त्यानं इमानानं चिठ्ठी लिहिली, गढूळ. चिठ्ठी कचेरीत गेली. दुपारी जीपमधून तीन साहेब आले. तोवर पाणी निवळलं होतं. वरच्या अंगाला कुणाच्या तरी म्हशी पाटात लोळून गेल्या होत्या, एवढंच झालेलं. साहेबांनी बाटली भरून त्याच्या हातात दिली. "दाखव गढूळ. कुठंय?" साऱ्या वस्तीसमोर, भर उन्हात, हात वर करून तो दिवस मावळेपर्यंत ती बाटली धरून उभा होता. पोरं भोवती उड्या मारत होती. नितळ हे नाव त्या दिवशी पडलं.

"हात दुखतोय म्हटलं तर साहेब म्हणाले, जड आहे का, नितळ पाणी हलकं असतं." सासरा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "दुसऱ्या दिवसापासनं मी नितळ लिहायला लागलो. पाहिलंच नाही पुन्हा. पाहिलं की लिहावंसं वाटेल, म्हणून पाहिलं नाही."

"आता बाईंना सांगायला हवं."

"सतरा तारीख होऊ दे सूनबाई. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. सव्वीस वर्षं काही झालं नाही, तीन दिवसांत काय होतंय?"

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर, पटवून घ्यायचं होतं. बाईंना सांगायचं म्हणजे सासऱ्याची अब्रू गेली, आणि अक्षर कुणाचं हे निघाल्यावर ते टेबल, ती सळई, ते "ताई तुम्ही" सगळं गेलं. ती अंथरुणावर पडली. डोक्यात नितळ नितळ चालू होतं, जातं फिरावं तसं.

सकाळी पाटावर गेल्यावर तिनं पहिल्यांदाच पाण्याचा रंग पाहिला.

सहा बोटं. रोजच्यासारखीच सहा. पाटाला जोडलेल्या विटांच्या कुंडीत, पाण्याची उंची पेटीला सांगणारा तरंगा सहा बोटांवर डुलत होता आणि पेटीवरचा हिरवा दिवा मिणमिणत होता. पण पाणी स्वच्छ नव्हतं. घट्ट गढूळही नव्हतं. कुणी त्यात मुठभर पीठ विरघळवावं तसं, धुरकट. तिनं तसं सांगितलं.

"म्हशी," सासरा म्हणाला, न वाकताच.

तिनं वर पाहिलं. पाट बांधाच्या पोटातून निघतो. वर म्हैस जायला आता जागाच नाही. मागच्या वर्षीच तारेचं कुंपण झालं होतं. तिला ते ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. दोघं घरी आले. तिनं दुसऱ्या रकान्यात सहा लिहिलं. तिसऱ्या रकान्यात तिचं अक्षर आधीच होतं. त्या दिवशी तिनं चौकीवर चार डाख दिले आणि चारही उकलले. बाईंनी विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, डोकं दुखतंय.

सोळा तारखेला पाणी पिवळं होतं.

सहा बोटं. हिरवा दिवा. आणि पिवळं. तिनं सासऱ्याचा कोपर सोडला, पाटात उतरली आणि बाटली भरून घेतली. "मामंजी, हात पुढे करा."

त्यानं ओंजळ केली. तिनं पाणी ओतलं. पाणी बोटांतून गळून गेलं आणि तळव्यावर साका राहिला. दिसत त्याला जेमतेम, पण त्यानं अंगठ्यानं तो साका चोळला. एकदा. पुन्हा एकदा. मग नाकाशी नेला. 

"ही इथली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इथली माती काळी. ही पिवळी चिकण. लांबच्या टेकडीवरनं आणलेली. बांध झाला तेव्हा अठरा वर्षांचा होतो मी. पाट्या टाकल्यात ह्याच मातीच्या, पायांनी तुडवलीय. ही फक्त एका जागी आहे." तो बांधाकडे तोंड करून उभा राहिला. "बांधाच्या पोटात. पोटातली आहे ही."

वर बांधावर कुणीतरी धुतलेली चादर झटकत होतं. ऊन छान पडलं होतं.

"पाणी आतनं वाट करतंय. माती घेऊन येतंय. जेवढी येते तेवढं आत पोकळ." तो खाली बसला.  "किती दिवस चाललंय कोण जाणे. पाहिलं कुणी?"

ती धावत सुटली. धावताना चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. चौकीच्या ओसरीत बाई चहा पीत होत्या. सुनेनं बाटली टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. एक तारीख, पट्टी, म्हशी, बाटली, मोतीबिंदू, आपलं अक्षर. काहीच ठेवलं नाही. बोलताना तिला वाटलं होतं बाई ओरडतील. बाई ओरडल्या नाहीत. त्या बाटलीकडे बघत राहिल्या.

"मी डोळा काढला," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी बांधावर चढून, जिथं रेंज यायची त्या दगडावर उभं राहून कचेरीत फोन लावला. सून खाली उभी होती. तिला बाईंचं बोलणं ऐकू येत होतं, पलीकडचं बाई मोठ्यानं पुन्हा म्हणत होत्या म्हणून कळत होतं.

"हो, पडद्यावर हिरवं आहे, ठाऊक आहे मला. सहा बोटं, बरोबर. नाही, ते रंग नाही सांगत... कारण मीच तसं लिहून दिलंय, हो... सव्वीस वर्षं नितळ, मीच लिहिलंय ते... बांधाची दारं उघडा म्हणतेय मी, तलाव उतरवा आणि वस्ती हलवा... साहेब उद्या येणारच आहेत म्हणजे काय? उद्या?"

त्या खाली उतरल्या. दारांची किल्ली कचेरीत, हुकूम साहेबांचा, आणि साहेबांचा विश्वास पडद्यावर. "माझ्याच अहवालातली वाक्यं मला वाचून दाखवली त्यांनी," बाई म्हणाल्या.

सुनेनं पेटीकडे बघितलं. "आठ बोटांच्या वर पाझर गेला तर पडद्यावर लाल होतं ना बाई?"

"होतं."

"वरचा पुढं कधी येतो?" उपग्रहाला ती वरचा म्हणायची.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "अकरा दहाला. पण पाझर सहाच बोटं आहे."

"तरंगा उचलून धरला तर?"

बाईंना समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा त्या मागे सरकल्या. "नाही. माझं यंत्र खोटं सांगणार नाही. एकदा खोटं आलं की पुन्हा कुणी..."

"खोटं मी तीन वर्षं लिहिलं बाई, कुणाला कळलं नाही. आता एकदाच उलट्या बाजूनं."

बाईंनी मान हलवली नाही आणि नकोही म्हटलं नाही. पण त्या तिच्याबरोबर पायथ्याशी आल्या.

कुंडीत उतरल्यावर पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं. गार, इतकं गार की हाडाला लागत होतं. तिनं दोन्ही हातांनी तरंगा धरला आणि बारा बोटांच्या खुणेला नेला. पेटीवरचा दिवा तांबडा झाला. बाई वर घड्याळ बघत बसल्या. दहा मिनिटं लवकर धरायचं आणि दहा मिनिटं उशिरा सोडायचं, असं ठरलं होतं. वर चढणारा वरचा दिसत नाही, ऐकू येत नाही. नुसतं कोरं आभाळ आणि हात भरून येतायत. पायाखाली तळाशी काहीतरी मऊ, बुळबुळीत साचत होतं. पायाच्या बोटांना ते जाणवत होतं, आणि ते वाढतंय की आपल्याला भास होतोय, हे तिला कळेना. सासरा काठावर येऊन बसला होता.  तिचे हात खाली सरकू लागले तेव्हा त्यानं वाकून, चाचपून, आपला उजवा हात तिच्या हातांखाली तरंग्याला लावला.

अकरा वीसला बाई म्हणाल्या, "झालं."

अकरा पंचवीसला दगडावर ठेवलेला फोन वाजला. पलीकडचा माणूस आता ओरडत होता. साहेब निघाले होते.

दीड वाजता जीप आली. साहेब पन्नाशीचे, नीटनेटके, घाईतले. त्यांनी खाच पाहिली. सहा बोटं. कुंडी पाहिली. कुंडीच्या कडेवरच्या पिवळ्या चिखलाच्या पावलांकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"तरंगा कुणी उचलला?"

"मी," सून म्हणाली. तिची साडी अजून ओलसर होती.

"आणि गढूळ पाणी कुठंय?"

बाटली सकाळपासून चौकीच्या टेबलावर होती. बाईंनी ती आणून दिली. साहेबांनी उन्हात धरली. पाणी निवळलं होतं, काचेसारखं. भोवती जमलेल्या वस्तीतलं कुणीतरी म्हणालं, "नितळच की," आणि दोघंतिघं हसले.

सासऱ्यानं पुढे होऊन साहेबांच्या हातातून बाटली घेतली. घेतली म्हणजे जवळजवळ ओढलीच. ती त्यानं उजव्या हातात वर धरली, सव्वीस वर्षांपूर्वी धरली होती तशी. सुनेला वाटलं आता हा इथंच कोसळतो.

"तळ बघा साहेब. वरचं पाणी नका बघू."

तळाला बोटभर पिवळी माती होती.

"हे तुमच्या बांधाचं पोट आहे. एका बाटलीत बोटभर. आता हा पाट दिवसभरात किती बाटल्या वाहतो ते तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही हिशोब करा."

"आजोबा, तुमच्याच वहीत..."

"वही बघा ना. आणलीय." त्यानं काखेतली वही काढून उघडली. "आज तारीख काय?"

"सोळा."

"वाचा तिसरा रकाना. सतराला काय आहे? अठराला? तीसला?"

साहेबांनी वही घेतली. बोट खाली खाली गेलं. नितळ, नितळ, पार तीस तारखेपर्यंत.

"उद्याचं पाणी मी पाहिलंय का साहेब? परवाचं? सव्वीस वर्षं असंच. सुनेचा दोष नाही, तिनं माझं बघून लिहिलं. माझी पेन्शन घ्या, शाल परत घ्या म्हणत नाही, ती दिलीच नाहीय अजून. पण मागची पानं उलटा."

साहेबांनी पान उलटलं. प्रत्येक महिन्याच्या पानाखाली तपासल्याची सही होती, तारखेसह. सात तारीख, नऊ तारीख, अकरा. दर महिन्याच्या फेरीत साहेब चौकीत चहा घ्यायचे आणि सही करायचे. नऊ तारखेची सही, आणि तिच्यावर तीसपर्यंत भरलेला रकाना. सह्या त्यांच्याच होत्या.

 सासऱ्यानं खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"माझ्यावर विश्वास नका ठेवू. पेटीवरही नको. आज सोळा तारखेच्या पुढं तुम्ही तुमच्या हातानं नितळ लिहा आणि सही करा. आम्ही सगळे खाली जाऊन निवांत बसतो."

साहेबांनी पेन घेतलं. सुनेला त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं झालेलं दिसत होतं. त्यांनी बांधाकडे पाहिलं, वाळत घातलेल्या चादरींकडे, चाळीस घरांच्या कौलांकडे. मग पेन परत दिलं.

"ड्रायव्हर, जीपमधली दारांची किल्ली आण," ते म्हणाले. "आणि ह्या लोकांना टेकाडावर न्या. सामान राहू दे."

लोकांनी शिव्या घातल्या. भरल्या ताटावरून उठवलं म्हणून साहेबांना, बाईंना आणि सर्वांत जास्त नितळला. सासू नीळ घातलेला सदरा छातीशी धरून टेकाडावर बसली होती, दुसरं काहीच तिनं घेतलं नव्हतं. दारं उघडली, पाण्याचा आवाज रात्रभर येत राहिला.

उजाडलं तेव्हा तलाव दोन पुरुष उंचीनं खाली उतरला होता. आणि पाण्याखालून बांधाची आतली बाजू उघडी पडली होती. दगडी अस्तराच्या मधोमध एक भगदाड. काठ गोल, गुळगुळीत, आत काळोख. एक बैलगाडी बैलांसकट मावली असती. वरून, जिथं बायका कपडे वाळत घालायच्या तिथून, खाली फक्त हातभर माती उरली होती. टेकाडावर शिव्या देणारी माणसं पुढे होऊन त्या भगदाडाकडे बघू लागली. एक म्हातारी सासऱ्यापाशी आली आणि त्याला नावानं हाक मारली. त्याला कळायला वेळ लागला की आपल्यालाच बोलावताहेत.

साहेब फोनवर होते. कार्यक्रम रद्द झाला होता. सुनेचं काय करायचं, सासऱ्याचं काय करायचं, हे कुणी काढलं नाही. निघेल पुढंमागं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती चौकीच्या ओसरीत आली. बाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात ती अर्धी पेटी, तिचं ते रिकामं भोक. पायथ्याची पेटी आपली तशीच चालू होती म्हणे. पहाटे वरच्याला सांगून झालं होतं, पाझर तीन बोटं, सर्व ठीक.

"डोळा बसवते पुन्हा," बाई म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीसांना. किंमत गेली खड्ड्यात."

"ह्या चाळीसांना बसेल बाई." सून उभीच होती. "पण त्या अकरा गेल्या ना?"

बाईंनी मान वर केली.

"त्या अकरा ठिकाणी तिसरा रकाना कोण भरतं?"

बाई उठल्या आणि यादी घेऊन दगडावर गेल्या. सून मागोमाग गेली. बाईंनी स्पीकर लावला, पहिला नंबर लागला. तलाव मोठा होता, खाली दोन गावं होती, पाऊस इथल्यासारखाच पडून गेला होता. मोजणीदारानं लगेच फोन उचलला, आदबीनं बोलला. बाईंनी विचारलं, आज पाझराचं पाणी कसं आहे.

"नितळ आहे बाई," तो म्हणाला. "एकदम नितळ."

सकाळचे सव्वासहा झाले होते. त्याच्या मागे, घरात, कुणीतरी भांडी घासत होतं.